सचिवांचा फ्लेक्स
कडब्याच्या गंजीवर टाकायला जुना फ्लेक्स उलगडला की तापलेल्या रबरासारखा वास येतो आणि नेकनूरच्या स्टँडसमोरचं हॉटेल आठवतं. आमच्या फुटबॉल क्लबच्या सचिवांना बीडच्या मोठ्या क्लबनं बोलावलंय, ही बातमी तिथंच आली होती. एकही मॅच न चुकवणारे आम्ही चार-पाच जण भज्यांच्या धुरात वाद घालत बसलो होतो. "जाऊ दे की बे, माणूस मोठा व्हायलाय," एक म्हणाला. "अन् तारखा कोन लावणार?" दुसऱ्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. दसरा झाला की आमची निम्मी टीम ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसायची, आणि त्याआधी सगळ्या स्पर्धा उरकून घ्यायचं काम सचिवच करायचे. शेवटी स्टँडवर त्यांच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स लावायचं ठरलं. एवढा मान दिल्यावर माणूस लाजेल, जाणार नाही, असं आम्हाला वाटलं. ते आले, फ्लेक्सखाली हात जोडून फोटो काढून घेतला आणि आठवड्याभरात गेले. पुढच्या वर्षी मोठ्या क्लबनं जिल्हा स्पर्धा ठेवली, ती दसऱ्यानंतर. मी फोन केला. "साहेब, आपली पोरं तवा उसात असतात, तुमाला तर ठावं हाय." ते हसले. "ठावं हाय म्हणूनच लावली. तुमची टीम लई तगडी हाय." तेव्हापासून ती स्पर्धा दरवर्षी दसऱ्यानंतरच असते आणि आमचा क्लब मैदानात उतरलेला नाही. स्टँडवरून उतरवून मी घरी आणलेला फ्लेक्स मात्र मजबूत निघाला. दरवर्षी मी तो छापलेली बाजू वर करूनच टाकतो, पाऊस आधी साहेबांच्या तोंडावर पडावा म्हणून.