दूध सोडलं, सेको नाही

पनामाच्या रेसकोर्सच्या मागच्या फाटकाशी माझी खानावळ आहे. घोडे घासणारे, नाल मारणारे, तिकिटं फाडणारे, सगळे माझ्याकडं जेवतात. जेवत नाही तो फक्त माझा सख्खा धाकटा भाऊ. दीदिमो जॉकी आहे. जॉकीच्या बहिणीची खानावळ, हा विनोद इथं इतक्या जणांनी केलाय, की आता कुणी केला तर मी त्याच्या ताटातली तळलेली केळी सरळ उचलून घेते.

दीदिमो रोज यायचा, पण बसायचा नाही. टेबलांमधून येरझारा घालायचा, पातेल्याचं झाकण उचलून सांकोचोचा वास घ्यायचा, झाकण ठेवायचा, पुन्हा उचलायचा. कोंबडीच्या त्या रश्शाकडं तो असा बघायचा, की मला त्याची दया यायची आणि संतापही यायचा.

"खा नाहीतर निघ," मी म्हणायची. "माझी गिऱ्हाइकं घाबरतात."

"वासाला वजन नसतं ताई."

चाळिशी उलटली की हाडंसुद्धा ऐकत नाहीत. दीदिमोनं आधी भात सोडला, मग केळी, मग सकाळची ओहाल्द्रा, म्हणजे मैद्याची तळलेली फुगीर पोळी. मी तळलेल्या ओहाल्द्रासाठी लोक पलीकडच्या मोहल्ल्यातून येतात, आणि ह्यानं ती सोडली! शेवटी त्यानं सेकोतलं दूध सोडलं. आमच्या गावाकडं, लास ताब्लासला, सेको दुधातूनच पितात. लग्न असो, बैलांची जत्रा असो, उसाची ती पांढरी दारू आणि त्यात गार दूध. आमचा बाप तसाच प्यायचा, आम्हीही तशीच चव शिकलो. दूध काढून टाकल्यावर ह्याच्या पेल्यात उरला नुसता सेको, आणि भूक मारायला तो एकाचे तीन पेले घ्यायला लागला. तबेल्यातले निम्मे जॉकी हेच करतात. दुधानं माणूस सुटतो, सेको घामावाटे निघून जातो, अशी त्यांची पक्की समजूत.

"बघ, आरपार दिसतंय," पेला उजेडात धरून तो मला म्हणाला. "ह्यात जाड करण्यासारखं आहे काय?"

त्या दिवशी रेसकोर्सच्या डॉक्टरीणबाई यारिएला शेजारच्याच टेबलावर होत्या. त्यांनी घास तसाच ठेवला.

"दीदिमो, तूप खाशील एक वाटी?"

"वेड लागलंय का बाई मला?"

"मग हे कसं पितोस? जेवढ्याला तेवढं घेतलं, तर ग्रॅममागं तांदूळ नि साखर चार उष्मांक देतात, तूप नऊ देतं आणि निव्वळ दारू सात. ती तुपाच्याच शेजारी बसते. तुझे तीन पेले म्हणजे वाटीभर भात, वर आणखी दोन-चार घास."

"पण मी भात खातच नाही ना!"

"तेच तर वाईट आहे. भातातलं काहीतरी शरीर साठवतं, वेळेला काढतं. दारूला कोठार नाही. ती आली की यकृत हातातलं काम टाकून आधी तिलाच जाळत बसतं. तोवर कुणी तेलकट खाल्लेलं असेल तर ते बाजूला पडतं आणि चरबी होतं. आणि तुझ्यासारखं काहीच खाल्लेलं नसेल, तर रक्ताला साखर पुरवायचं कामही रखडतं. घामातून जाते ती चिमूटभर. बाकी घाम तुझाच."

"बाई, माझं यकृत घोड्यासारखं आहे," तो हसून म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला.

बाई माझ्याकडं वळल्या. "हेनेरिना, हा एखाद्या दिवशी बरळायला लागेल, थरथरेल, थंड पडेल. लोक म्हणतील चढली, झोपू द्या. तू झोपू देऊ नकोस. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर गोड पाणी पाज आणि मला हाक मार."

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. पळीनं भात वाढताना नजर तबेल्याकडं. कुणी मोठ्यानं बोललं तरी पळी टाकून दाराशी जायची.

त्यातच कांदेला आली. म्हाताऱ्या अब्दिएलनं तयार केलेली लाल घोडी, सबंध मोसमात तिच्यासारखी दुसरी नव्हती, आणि अब्दिएलनं ती दीदिमोला दिली. अट एकच, वजन काट्यावर काटा हवं, वर काही चालणार नाही. दीदिमोला गेली दोन वर्षं लंगडे घोडेच मिळत होते. ही घोडी गेली असती तर पुढं त्याला कुणी विचारलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या आठवड्यात तो अंगाला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून भर उन्हात तबेल्याभोवती पळाला. मग काचा बंद केलेल्या मोटारीत जाऊन बसला. घोटभर पाणी तोंडात फिरवून थुंकायचा. पोटात फक्त सेको. रविवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला तेव्हा गालांचे खड्डे झालेले, डोळे मात्र चमकत होते.

"ताई, आलं वजन! तबेल्यातल्या काट्यावर बरोब्बर!"

"तोंडाला वास येतोय."

"एकच घेतली. पाय कापत होते म्हणून."

दुपारी घोडे घासणारा एउस्तोर्हिओ दात काढत आला. "हेनेताई, तुझ्या भावाला चढलीय. कपडे बदलायच्या खोलीत बूट हातात घालतोय."

गुळाची ढेप फोडली, कोमट पाण्यात कालवली आणि तांब्या घेऊन धावले. खोलीत जॉकी पोट धरून हसत होते. दीदिमो बाकावर कलंडला होता, अंग गार, कपाळ घामानं ओलं, ओठ थरथरत होते. आईला हाक मारत होता. आमची आई जाऊन किती काळ लोटला.

"झोपू दे गं त्याला," कुणीतरी म्हणालं. "तासाभरात उतरेल."

"चढलेली नाही, मेल्यांनो, तो उपाशी आहे!" मी ओरडले. "डॉक्टरीणबाईंना बोलवा!"

बाई रुग्णवाहिकेतून शर्यतीमागं गेलेल्या. मी त्याला टेकवून बसवलं आणि तांब्या ओठांना लावला. गिळतोय ना ते बघत एकेक घोट देत होते. अर्धा तांब्या संपला तेव्हा त्यानं मला ओळखलं. गोडाची चव लागली आणि त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला, लहानपणी धरायचा तसा, आणि सगळा रिकामा केला. मी थांबवलं नाही. मला आनंद झाला होता.

मग शर्यतीआधीच्या वजनाचा भोंगा वाजला. तो भिंतीला धरून उठला, खोगीर घेतलं आणि मी नको नको म्हणत असताना काट्यावर चढला. काटा पुढं गेला. दोन पौंड. तांब्याभर पाणी.

अब्दिएलनं कांदेलाचं खोगीर दुसऱ्या जॉकीकडं दिलं. बाई आल्या, दीदिमोच्या बोटाला सुई टोचून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढा गूळ पिऊनही इतकीच साखर? हा पहिल्याच वळणावर पडला असता." दीदिमोनं ते ऐकलंच नाही. त्याचे कान बाहेरच्या कर्ण्याकडं होते. कांदेला जिंकली.

तो माझ्याकडं न बघता निघून गेला. मी खानावळीत परतले, हात कामाला लावले, पण कांदा चिरतेय की बोट, हे कळत नव्हतं. भाऊ वाचला होता आणि मीच त्याचं सगळं संपवलं होतं. दोन्ही खरं होतं, आणि माझा जीव एकाही जागी थांबत नव्हता.

उन्हं उतरताना तो आला. येरझारा घातल्या नाहीत, सरळ टेबलाशी बसला. त्याला तिथं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुझ्या तांब्यानं माझी घोडी नेली," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "नेली."

मी त्याच्यापुढं भात, सांकोचो आणि केळी मांडली. त्यानं बोटं भातावर नेली, मग सांकोचोवर, मग केळीवर, पण उचललं काहीच नाही. मग हळूच म्हणाला,

"ताई, आधी काय खातात गं?"