तासभर बसणाऱ्या सिस्टर

सिस्टरनी मला फसवलं. नगरला भाचीकडे महिनाभर जाते, असं माझ्या दुकानात उभं राहून सांगितलं आणि गेल्या सरकारी इस्पितळात, पोटातली गाठ काढायला. बनारसी साड्यांच्या धंद्यात तीस वर्षं घासलीत मी. भल्याभल्यांचं खोटं डोळ्यांवरून ओळखतो. हे नाही ओळखलं.

बनारसच्या आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मूळच्या नगरच्या ख्रिस्ती, इथल्या मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. कुणी अंथरुणाला खिळलं की खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. रोज एक तास. औषध नाही, उपदेश नाही.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी घासाघीस केली. "दोन तास बसा."

"एकच. बाकीचे तेवीस तुमचे, भाऊ."

मला बसवत नसे. आईचा वाकडा झालेला चेहरा पाहिला की छातीत धडधडायचं आणि मी दुकान गाठायचो.

म्हातारीला बाटवायला येत असतील, म्हणून एकदा दाराआड उभा राहिलो. आई म्हणत होती, "तू तर इसाई. बखत आली तर गंगाजल देशील ना गं?"

"देईन की. चमच्याने की तांब्याने?"

झटक्यानंतर आई पहिल्यांदा हसली. मी चोरासारखा निघून आलो.

एकदा चिडून विचारलं, यातून तुम्हाला मिळतं काय? तेव्हा त्यांनी सांगितलं. नवरा वारला तेव्हा त्या त्याच दवाखान्यात, दुसऱ्या वॉर्डात ड्यूटीवर होत्या. तो एकटाच गेला. पुढे कित्येक वर्षं आपण कशासाठी जगतोय, हेच त्यांना कळेना. "क्रूसाचं दुःख सगळेच सांगतात, भाऊ. मी आदल्या रात्रीच्या, बागेतल्या प्रभूपाशी अडकले. आता शिपाई धरायला येणार, हे त्याला ठाऊक होतं. घाबरला होता तो. मित्रांना म्हणाला, तासभर माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. एका गुड फ्रायडेला हे ऐकताना वाटलं, तो तास अजून रिकामाच आहे. तिथे मी बसू शकते."

आई भर दुपारी गेली. मी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. गंगाजल सिस्टरनीच दिलं.

आणि परवा, मावशी फोन उचलत नाही म्हणून भाचीने दुकानात फोन केला. त्या तुमच्याकडेच ना, असं विचारलं तर म्हणाली, "मावशी इकडे आलीच नाही हो." मी इस्पितळं पालथी घातली. चौकशीच्या प्रत्येक खिडकीशी त्यांचं नाव सांगायचो. नाही म्हणाले तरी भीती, हो म्हणाले तरी भीती. शेवटी जनरल वॉर्डात, भिंतीकडच्या खाटेवर सापडल्या. ऑपरेशन होऊन ताप चढलेला. मी ओरडलोच, "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला कुठे बसवतं, भाऊ?"

बसलो. त्यांचा श्वास अडखळला की माझाही अडखळायचा. पाय दाराकडे ओढत होते. उठलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर गेल्या, तेव्हा मी शेजारी होतो.

पण मी पोचण्याआधीचे पाच दिवस त्या एकट्या होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई सांगते, ऑपरेशनला नेताना त्या दाराकडे वळून वळून बघत होत्या.

आमच्या गल्लीतलं एकही घर असं नाही, जिथे त्या बसल्या नाहीत. निघाल्या तेव्हा सगळ्यांनी ओट्यावरूनच हात हलवले. एक माणूस जरी पिशवी उचलून स्टेशनापर्यंत सोडायला निघाला असता, तरी ते खोटं गल्लीच्या तोंडाशीच उघडं पडलं असतं. मी निघालो नाही. घाबरट होतो, हा माझा जबाब. आता गल्लीतल्यांनो, तुम्ही सांगा, एकेका घराने बाहेर येऊन सांगा, तुम्ही का नाही निघालात?