चंद्रीच्या पाठीवरचं बिऱ्हाड

नवसांचं आणि किश्श्यांचं एकच. एक फेडावा, तोवर दुसरे दोन जमा झालेले असतात! माझ्याकडं दोन्हींचा साठा भरपूर. शुक्रवार, चतुर्थ्या, सोळा सोमवार, सगळं झालं. नवस नेहमी आधी बोलायचा आणि मग सांगायचा असतो. पण एक नवस मी आधी सांगितला आणि मग बोलले.

त्याचं असं झालं. आमचे हे रेल्वेत, म्हणून आम्ही दौंडला कॉलनीत. घर मात्र कवठे येमाईजवळच्या वस्तीवर. सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. उन्हाळा सरता सरता धरणाचं पाणी मागं हटतं आणि गाळाच्या जमिनीवर कोवळं गवत येतं. तेव्हा ते लोक सगळं बिऱ्हाड घोडीवर लादून पाण्याच्या काठाला जाऊन राहायचे. मेंढरं गेली, कांदा आला, ऊस आला, स्लॅबचं घर आलं. पण शाळा उघडायच्या आधीचे आठ दिवस सगळं घर चंद्री घोडीमागं चालत पाण्यावर जायचं ते जायचंच. कापडाचं पाल ठोकायचं, तीन दगडांची चूल मांडायची, पोरांनी पाण्यात, मोठ्यांनी सावलीत!

कॉलनीत घरोघर केबल आली त्या सुमाराला माझ्या थोरल्या दिरांनी, आबांनी, जाहीर केलं, "यंदापास्नं बिऱ्हाड बंद! लोकं हासत्यात. मंगल पंधराची झाली. उद्या सोयरीक आली तर पाव्हणं म्हंतील, ह्ये अजून पालात ऱ्हात्यात व्हय!"

मंगल म्हणजे त्यांची एकुलती एक. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिचा तो चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "बंद कसं करता भाऊजी? माझा नवस आहे येमाईला. पाच उन्हाळे सगळं घर घोडीवर बिऱ्हाड घालून पाण्यावर नेईन म्हणून!"

देवीपुढं कोण बोलणार?

संध्याकाळी देवळात गेले आणि हात जोडले. "आई, दुपारी तुझं नाव घेऊन खोटं बोलले. तेवढं आता खरं धरून घे."

घरी आले तर आबा ओसरीवर बसलेले. म्हणाले, "वैनी, बोलायचाच व्हता तर दोनच उन्हाळं बोलायचा. पाच?"

*

पहिल्याच वर्षी आबांनी तोड काढली. बिऱ्हाड टेम्पोतून न्यायचं, घोडी नुसती मोकळी मागून येईल. नवसही राहील आणि अब्रूही!

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणतो आम्ही त्यांना, सत्तरीच्या. त्यांना हे पटेना. घोडी भरायची त्यांची रीत ठरलेली. आधी वाकळा, मग भांडी, मग पीठ, आणि सगळ्यात वर डालग्यात कोंबड्या. "टेम्पो पाणी बघून खिंकाळतुय का?" एवढंच त्या बोलल्या आणि चंद्रीचा दोर धरून चालायला लागल्या.

आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो आमच्या आधी तासभर येऊन थांबलेला. थांबलेला म्हणजे गाळात! चाकं अर्धी आत. ड्रायव्हर बाजूला बसून बिडी ओढतोय. शेवटी सगळं सामान टेम्पोतून उतरवलं, चंद्रीवर चढवलं आणि तीन खेपा करून पालापाशी नेलं.

आत्याबाई टेम्पोजवळ गेल्या. बॉनेटवर दोनदा थोपटलं. "दमली बिचारी. हिला कुणीतरी पाणी दाखवा रं!"

*

पुढच्या वर्षी वाटेतलं शिरूर. भर बाजाराचा दिवस. पुढं चंद्री, तिच्यावर कोंबड्या, मागं आम्ही बाया, पोरं, एक कुत्रं. लोक वळून वळून बघायला लागले. एस.टी. स्टँडपाशी तर एकानं विचारलं, "मावशी, कुठली सर्कस?"

माझ्या थोरल्या जाऊबाई, मंगलची आई, कधी कुणाला उलट बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कवठ्याची! वाघाची जागा मोकळी हाय, येतूस का?"

आमचे हे मात्र रस्त्याच्या पलीकडून वीस पावलं पुढं. इन केलेला शर्ट, हातात पेपर. जणू आमची ओळखच नाही! नेमके त्यांचे दौंडचे साहेब तिथं रसाच्या गाडीवर उभे. हे हसून नमस्कार करताहेत, तेवढ्यात चंद्री दोर ओढून सरळ रस्ता ओलांडून गेली. लहानपणापासून ह्यांच्या हातचा गूळ खाल्लेली ती. मागून जाऊन ह्यांच्या खांद्यावर तोंड ठेवलं.

साहेबांनी घोडीकडं बघितलं, वरच्या कोंबड्यांकडं बघितलं. "हे कोण?"

आमच्या ह्यांनी पेपरची घडी केली, एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा साहेबांकडं. म्हणाले, "घरचे आहेत, साहेब."

त्यानंतर ते कधी रस्त्याच्या पलीकडून चालले नाहीत.

*

पाण्यावर माझी एकादशी आली. शेंगदाण्याचे लाडू करून ताटलीत झाकून ठेवले आणि जप करायला बसले. डोळे उघडले तर चंद्री शेवटचा लाडू चघळतेय!

मी रडकुंडीला आले. दिवसभर आता काय खाणार?

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "मग आज उपास तिचा. तू जेव!"

मी कसली जेवते! रताळी भाजून खाल्ली. पण खरं सांगते, चंद्रीनं दिवसभर गवताला तोंड लावलं नाही.

*

मेंढरं होती तेव्हाची एक रीत होती. खोल पाण्यातून पलीकडं जायचं तर घोडीला पुढं घालायचं आणि तिचं शेपूट धरायचं. पुरुष अजून तसं करायचे. आम्ही बाया गुडघाभर पाण्यात लुगडी सावरत उभ्या.

एके दुपारी मंगलनं आत्याबाईंना विचारलं, "आजी, तू जायचीस का गं शेपूट धरून?"

"तर! तुझा बाप पोटात व्हता तवाबी गेले."

"आता?"

झालं! आत्याबाईंनी कासोटा आवळला आणि चंद्रीला पाण्यात घातलं. आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्या अर्ध्यात. नुसतं पांढरं डोकं आणि पुढं घोडीचं. काठावरून आबा ओरडताहेत, "आई! अगं वय काय तुझं!"

पाण्यातून उत्तर आलं, "त्ये काठावर ठिवलंय! जरा बघ त्याच्याकडं!"

त्या दिवशी मंगल गेली, जाऊबाई गेल्या, आणि गणपतीचं नाव घेत मीही गेले. पलीकडं पोचल्यावर चौघी गाळात बसून इतक्या हसलो की परत यायचं भानच राहिलं नाही.

*

पाच उन्हाळे संपले. मी देवीची ओटी भरली. आबा म्हणाले, "सुटलो बाबा!"

सहाव्या वर्षी मेच्या शेवटाला आम्ही दौंडहून वस्तीवर आलो, तर अंगणात आबा चंद्रीवर वाकळा आवळताहेत. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "नवस तुमचा व्हता, संपला. म्या आपला चाललोय. यायचं त्यानं यावं!"

*

आणि त्याच वर्षी ते झालं.

मंगलला एक स्थळ आलं होतं. न्हावऱ्याचं. मुलगा रांजणगावच्या कंपनीत इंजिनिअर. मध्यस्थानं आमच्याबद्दल सांगून ठेवलेलं, बंगला आहे, बागायत आहे, चुलता रेल्वेत आहे. पालाचं अर्थातच कुणी सांगितलं नव्हतं. बघायचा कार्यक्रम जूनमध्ये ठरलेला. पण मुलाला सुट्टी मिळाली म्हणून ती मंडळी न कळवता वस्तीवर आली. घराला कुलूप. शेजाऱ्यानं आनंदानं सांगितलं, "घोडी घिऊन पाण्याव गेल्यात समदी!"

दुपारी जीप येताना दिसली. पुढच्या सीटवरचा मध्यस्थ आबांनी लांबूनच ओळखला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "वैनी, पोरांना पालात घ्या. कोंबड्या झाका. चंद्रीला त्या बाभळीमागं न्या, पळा!"

मंगल नुकतीच पाण्यातून आलेली. केस ओले, पाय घोट्यापर्यंत गाळाचे. तिनं चंद्रीचा दोर माझ्या हातातून घेतला. आवाज चढवला नाही, पण हललीही नाही. "आबा, हिला लपवायची असंल तर मलाबी बाभळीमागं उभी करा. मग पाव्हण्यांना काय दावायचं ते दावा."

तोवर जीप आलीच.

मंडळी घोंगडीवर बसली. चहा झाला. मुलाचे वडील पालाकडं, चुलीकडं, घोडीकडं बघून म्हणाले, "ह्ये काय म्हणायचं?"

"ह्ये आमचं बिऱ्हाड," आत्याबाई म्हणाल्या. "बंगला कवठ्याला हाय. त्यो हितं येत न्हाई."

मग नेहमीचं सुरू झालं. नाव सांग. शिक्षण किती? स्वयंपाक येतो? जरा चालून दाव. मंगल चालली. परत येऊन बसली नाही, मुलासमोर उभी राहिली.

"तुम्हाला घोडीवर बसता येतं?"

मध्यस्थाला ठसका लागला. मुलाचे वडील म्हणाले, "ह्ये काय विचारनं झालं?"

"लग्नात बसावंच लागंल की," आत्याबाई म्हणाल्या. "आत्ता बसून बघू द्या!"

मुलगा उठला. बूट चकचकीत, पँट कडक इस्त्रीची. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसला. मंगलनं दोर धरला आणि काठाकाठानं चालायला लागली.

"पोरगं पडंल!" वडील अर्धे उठले.

"पडू द्या," आत्याबाईंनी त्यांचा चहा पुन्हा भरला. "गाळ मऊ हाय."

ती दोघं लांब गेली. ती चालतेय, तो वर बसून वाकून काहीतरी बोलतोय, एवढंच दिसत होतं. मग काठ वळला तिथं दिसेनाशी झाली. आबा उठायचे, बसायचे. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरलेला. मी येमाईचं नाव घ्यायला सुरुवात केली.

बऱ्याच वेळानं चंद्री वळणावर दिसली.

वर मंगल बसली होती. खाली दोर धरून तो चालत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय गाळानं काळे, बूट काखेत. आणि दोघंही हसत होती.

मुलाच्या वडिलांनी बघितलं. आबांनी बघितलं. जाऊबाईंनी माझा हात सोडला आणि साखर आणायला पालात गेल्या.

तुमच्या घरी लेकीला बघायला कुणी येणार असेल, तर माझं एवढं ऐका. तिला चालून दाखवायला लावायच्या आधी त्याला घोडीवर बसवा. घोडी नसेल तर आमची न्या, पण बसवाच!