मामांची मान कुठल्या कोनात?

आमचे मामा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग आणि मान खाली. गिऱ्हाईक ओळखायचे ते मनगटावरून. चेहरा दुसऱ्या कुणीतरी बघावा, हा त्यांचा प्रांतच नव्हे.

दुकानातल्या शिडीवरून पडल्याचं निमित्त झालं. मानेचे अगदी वरचे दोन मणके एकमेकांवर सरकायला लागले, आतला मज्जारज्जू दाबला गेला आणि मामांच्या हातातून चिमटा गळू लागला. घड्याळजीचा चिमटा गळला, म्हणजे संपलंच की.

सर्जनबाईंनी फोटो दाखवून समजावलं. कवटीला मागून पट्टी, मणक्यांत स्क्रू, दोन्ही बाजूंना सळ्या आणि जोडाला कमरेचं थोडं हाड. सगळं एकजीव झालं की मान पक्की. पण मग होकाराला मान हलणार नाही आणि नकारालाही जेमतेमच. मामी म्हणाली, होकार यांनी आजवर दिलाय कुणाला, चालेल आम्हाला.

मामांनी स्क्रू बघायला मागितला. भिंग लावून आटे तपासले, काम बरं आहे असं प्रशस्तिपत्रही दिलं. मग मुद्द्यावर आले.

"डोकं बसवाल तसंच कायमचं राहणार ना? मग खाली बघणारंच बसवा."

"तसं केलं तर घास गिळताना अडेल, श्वासही अडेल," बाई म्हणाल्या. "समोर बघणारंच बसवावं लागेल."

"समोर बघून घड्याळं दुरुस्त होतात का?"

मामा चार दिवस हटून बसले. मला त्यांचा संताप आला. पाचव्या दिवशी चहाचा कप धरवेना, तेव्हा त्यांनी सही केली, तीही वाकडीतिकडी.

ऑपरेशन झकास झालं. तीन महिन्यांनी गळ्याचा पट्टा सुटला, बोटांत जीव आला. मामीनं सुताराकडून टेबल पार हनुवटीपर्यंत उंच करून घेतलं. मामांनी दोन दिवस टेबलाला, सुताराला आणि मलाही नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी कोपरं टेकवून, घड्याळ डोळ्यांसमोर धरून, एक नाजूक चाक अचूक जागी बसवलं. आम्ही सुटलो.

दुपारी मामी डबा घेऊन आली आणि टेबलापलीकडे उभी राहिली. मामांनी भिंग काढलं, आणि बघतच राहिले.

"तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"झाली की अकरा वर्षं," मामी म्हणाली आणि डबा उघडायला लागली.