खाट एक, वाचणाऱ्या दोघी

चाकणला शालनबाईंकडे खोली मिळत नाही, खाट मिळते. आणि तीही अर्धी. दिवसपाळीची पोरगी कामाला गेली की रातपाळीची येऊन त्याच खाटेवर झोपते. वर्षाली दिवसपाळीची, मिनल रातपाळीची, कंपन्या वेगळ्या. रविवारी मिनल बहिणीकडे तळेगावला जायची. उशी एकच, पण दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आता बोला!

वर्षाली हिंगोलीकडची. कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधायची. लाईनवर बोलायची सोय नाही आणि खोलीवर बोलायला माणूस नाही, म्हणून ती कैरवी वाचायची. कैरवी ही डोंगरापलीकडच्या कुठल्याशा राज्यातली तलवारवाली पोर. तिच्या लढायांचे जाडजूड भाग आहेत. एकदा घाईत पुस्तक उशीखाली राहिलं. संध्याकाळी पाहते तर तिच्या निळ्या टेपच्या खुणेपुढे चॉकलेटचा हिरवा कागद घडी करून ठेवलेला. मिनलही वाचत होती! मग वर्षाली पुस्तक मुद्दाम विसरू लागली. हिरवा कागद पुढे सरकला की तिला घरात कुणीतरी आहे असं वाटे.

तिसऱ्या भागात कैरवी जखमी मैत्रिणीला खिंडीत सोडून गड वाचवायला निघून गेली. वर्षाली कॅन्टीनमध्ये रडली. "ब्रेकअप झाला वाटतं," बाकीच्या हसल्या. हसा म्हणावं. कैरवीचं बरोबर की चूक, हे कुणाशी तरी बोलल्याशिवाय तिला चैन पडेना, आणि ते पान वाचलेली जगात एकच होती. शनिवारी हाफ-डे घेऊन मिनलला गाठायचं तिनं ठरवलं. सुपरवायझर म्हणाला, मग शुक्रवारी ओव्हरटाइम कर. तिनं केला.

शनिवारी चौथा भाग घेऊन ती आली, तर खाटेखाली मिनलची बॅग नव्हती.

"कंपनीनं कामावरनं बंद केलं तिला, काल गावाला गेली," शालनबाई म्हणाल्या. "लय वाट बघितली तुजी. एसटी चुकंल म्हून उठली शेवटी. नंबर न्हाई व्हय तुज्याकडं? एका उशीवर झोपता की!"

शालनबाईंकडून नंबर घेऊन तिनं फोन लावला. नाव सांगितलं, आणि पुढे काही सुचेना म्हणून एकदम विचारलं, "कैरवीनं मैत्रिणीला सोडलं, ते बरोबर केलं का गं?"

मिनलच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"थांबायला पाहिजे होतं तिनं," ती म्हणाली. "मी पण थांबायला पाहिजे होतं गं काल. मागनं अजून एक एसटी होती."