भाकरीतली गोळी

"ए बाई, वेड्याला काय विचारायचं? तू सांग."

डॉक्टरांनी मान वरही केली नाही. माझा थोरला भाऊ शेजारच्या स्टुलावर बसला होता. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहिल्या एसटीनं आम्ही शहरातल्या दवाखान्यात आलो होतो. दादानं धुतलेला सदरा घातला होता. कानात आवाज येतात, अन्नात कुणीतरी काहीतरी घालतंय असं वाटतं, हे कसं सांगायचं याची त्यानं वाटभर उजळणी केली होती. त्याला कुणी तोंड उघडू दिलं नाही. सगळं मीच सांगितलं. तो चपलेकडं बघत राहिला.

"हा गोळ्या खाणार नाही. कुटून पिठात घाला. तुम्हा खेड्यातल्यांना एवढंही कळत नाही?"

रांगेतले लोक हसले. मला लाज वाटली. डॉक्टरांची नाही, दादाची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

आई गोळी कुटून भाकरीच्या पिठात घालायची. दोन महिने बरं चाललं. दादा शेळ्या घेऊन जायला लागला. मग एका दुपारी भाकरी मोडताना आत पांढरा तुकडा निघाला. नीट कुटला गेला नव्हता.

"मी म्हनत व्हतो ना, माझ्या अन्नात कायतरी घालतेत. तुमी म्हनायच्या, भास हाय."

घालतच होतो. हातावर दिली असती तर त्यानं खाल्लीही असती. आम्ही विचारलंच नाही.

त्या दिवसापासून त्यानं आईच्या हातचं खाल्लं नाही. गोळ्या सुटल्या, आजार उसळला. शेजाऱ्यांनी दादाला धरून जीपमध्ये बसवलं. तेच डॉक्टर.

"हं, काय म्हणतो हा?"

"त्याला तोंड हाय. त्यालाच इचारा," मी म्हणाले.

"शहाणपणा करायचा असेल तर बाहेर."

झालो बाहेर. दादाचा हात धरायला गेले, त्यानं सोडवून घेतला.

आई मरेपर्यंत रोज त्याची भाकरी झाकून ठेवायची. रोज ती कुत्र्याला जायची.

आता मी गावात आशाताई आहे. असा आजार असलेल्या घरी गेले की आधी त्या माणसाशी बोलते. गोळी उघड्या तळहातावर ठेवते. नको म्हणाला तर उद्या परत जाते. घरचे म्हणतात, कालवून द्या ना ताई. मी उठून उभी राहते.

दादा वेगळ्या चुलीवर करपलेली भाकरी खातो. माझ्या हातचं पाणीही घेत नाही. त्याचं बरोबर आहे. पण या गावात पुन्हा कुणाच्या पिठात गोळी जाणार नाही. कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं तरी.