सहीसाठी रेवदंडा

सोसायटीतल्या बत्तीसपैकी एकतीस सह्या झाल्या होत्या. राहिली होती ती बाबांची. मुलुंडची आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची होती, बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या, आणि सेक्रेटरी रोज जिन्यात गाठून मला विचारायचे, "काय म्हणतायत बाबा?" बाबा काहीच म्हणत नव्हते. कागद पुढे केला की ते चष्मा शोधायला जायचे आणि अर्ध्या तासाने गॅलरीत पेपर वाचताना सापडायचे, चष्म्यासकट. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे डोकं फिरायचं ते माझंच.

म्हणून मी त्यांना दोन दिवस रेवदंड्याला न्यायचं ठरवलं. समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या, पोर्तुगिजांचा किल्ला, घरगुती जेवण. माणूस जरा सैल पडेल, मग हळूच कागद काढू. एकदम झकास बेत होता. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. बाबांनी पालिकेतली सगळी नोकरी धोकादायक इमारती तपासण्यात आणि नोटिसा लावण्यात घालवली. अशा माणसाला मी हौसेने पडका किल्ला दाखवायला निघाले होते. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

गाव किल्ल्याच्या तटाच्या आतच आहे; गाडी किल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरली तसे बाबा ताठ बसले. खोलीवर बॅगा टाकून आम्ही निघालो. पडक्या चर्चपाशी लग्न ठरलेलं एक जोडपं कमानीखाली उभं राहून फोटो काढून घेत होतं. बाबांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"वरचा दगड सुटलाय. खाली थांबू नका."

मुलगा पहिला पळाला, मुलगी मागून. लग्नाआधी कळलं ते बरंच झालं. फोटोवाल्याने विचारलं, "काका, तुम्ही पुरातत्त्ववाले का?"

"नाही, पाडापाडीवाला," बाबा म्हणाले.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, भिंतीवर ठकठक केलं, कान लावून ऐकलं आणि चुना चांगला असल्याचं जाहीर केलं. पुढे सातखणी मनोरा लागला. सातातले काही मजले आता उरलेले नाहीत. बाबांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सी-वन." म्हणजे ताबडतोब रिकामी करा आणि पाडा. मनोरा कित्येक शतकं रिकामाच आहे, असं मी सांगितलं.

"मग अर्धं काम झालंय."

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर एका आडव्या पडलेल्या माडावर बसलो. काळसर वाळू, ओहोटी, गर्दी अजिबात नाही. बाबा खुशीत दिसले, म्हणून मी सुरुवात केली. "बाबा, आपल्या बिल्डिंगचं..."

"खांब पोकळ झालेत. माहितीय मला. तुमच्या सेक्रेटरीच्या आधी बघितलेत मी."

माझं टाळकंच सटकलं. "मग सही का करत नाही? एकतीस घरं ताटकळत बसलीत तुमच्यापायी! तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. तीन वर्षं भाड्याने राहायचं, मग आपलं नवं घर."

"हेच मी बोलायचो," बाबा म्हणाले. "नोटीस लावायला गेलो की म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहायची. मी म्हणायचो, तीनच वर्षं, काका. तीनच वर्षं, आजी. सामान बांधा."

"मग?"

"बिल्डिंगा झाल्या ना. कुठे पाच वर्षांनी, कुठे आठ. मी कधीकधी मुद्दाम बघायला जायचो. दारावर मुलांची नावं असायची."

कार्पेट एरिया, पार्किंग, किचनला किती उजेड येणार, सगळं मी विचारून ठेवलं होतं. बाबा एकोणऐंशीचे आहेत, हे मात्र मी एकदाही मनात आणलं नव्हतं. लाज वाटली मला. चांगलीच लाज वाटली.

"राहू दे बाबा. नका करू सही. मी सांगते सेक्रेटरींना."

"काय सांगशील? तळमजल्यावर दोन लहान पोरं आहेत. त्यांच्या अंगावर पाडायची का बिल्डिंग?" त्यांनी हात पुढे केला. "दे तो कागद. सकाळपासून पर्स काखेत धरून फिरतेयस, मला काय कळत नाही का?"

कागद वाऱ्याने फडफडत होता. मी दोन्ही कोपरे धरले, त्यांनी तो मांडीवर ठेवून सावकाश सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि पेन मला परत दिलं.

"भाड्याचं घर बघायला जाशील ना," ते म्हणाले, "ते तात्पुरतं म्हणून बघू नकोस गं."